बोरिंगचं जड पाणी

ये गं बाई, अशी जवळ बस. त्या खुर्चीत नको, इथं चटईवर, माझ्या बाजूला. मला तुझ्यावर जरा ओरडायचं आहे, आणि लांबून ओरडलं की माझा घसा बसतो. मागच्या खेपेला आलीस तेव्हा माझं चहाचं पातेलं न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकलंस. का, तर आतून पांढरं झालंय, आजी, यात काहीतरी केमिकल आहे. पातेल्याचं काही नाही, दुसरं आणलं. पण तू शिकलेली मुलगी, संशय आला तर आधी विचारायचं नाही का? संशय वाईट असं मी म्हणतच नाही. बोईसर-तारापुरात जन्म काढायचा तर तो मिठासारखा घरात लागतोच. पण तो कुठवर नेतो ते बघायला त्याच्या मागे जावं लागतं. आम्ही एकदा गेलो होतो, पिशवीत डाळ बांधून. ते ऐक, मग जेवायला वाढते.

ही गोष्ट ऐंशीच्या मागची-पुढची. तुझे आजोबा तेव्हा बोईसरला एका कारखान्यात फिटर होते आणि आम्ही जवळच्या पाम गावात सासूबाईंच्या घरात राहायचो. माझं माहेर शिरगावचं. घराच्या पायरीपर्यंत समुद्राचा वारा, आणि पामला आले तर वाऱ्यात मासळीऐवजी कसलातरी जळका वास. सासूबाई किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून सुकट-बोंबील आणून बोईसरच्या बाजारात विकायच्या. मागच्या खोलीत एक भाडेकरू होता, सांगलीकडचा, पावरहाऊसात नोकरीला. तारापूरचं अणुवीज केंद्र म्हणजे पावरहाऊस. त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नसे, तशी या भाडेकरूलाही नाही. सासूबाई त्याला पावरवाला म्हणायच्या. तो त्यांना मावशी म्हणायचा आणि त्यांनी दिलेलं बोंबलाचं कालवण निमूट गिळायचा. आधी गिळायचा, पुढे मागून खायला लागला.

पाणी गावच्या विहिरीवरून आणायचं. कंबर मोडायची. म्हणून अंगणात बोरिंग मारायचं ठरलं. जागा बघायला पाणाड्या आला. हाताच्या पंजावर नारळ आडवा धरून तो अंगणभर फिरला. जिथे नारळ उभा राहिला तिथे त्याने दगड ठेवला. सासूबाई पदर तोंडाशी धरून मला म्हणाल्या, "नारल त्याचा, हात त्याचा, मग उभा नाय राहणार तर काय?"

मशीन आली. काळ्या खडकाची पूड अशी उडाली की अंगणाची गिरणी झाली. वरच्या थराला पाणी लागलं ते चूळ भरण्यापुरतं. मशीनवाला म्हणाला, अजून खाली जाऊ. पाईपाला पाईप जोडत तो जातच राहिला. मग त्या काळ्या पुडीत पांढरे चकचकीत तुकडे येऊ लागले, खडीसाखर फोडल्यासारखे. काही तुकड्यांना हिरवट, मऊ लेप. आणि मग एकदम पाणी. मी हात घातला तर कोमट.

"मशीनची गरमी," मशीनवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मशीन गेली, हापसा बसला, तरी पाणी कोमटच. सासूबाई म्हणाल्या, "मशीन नेली आन् गरमी आमाला ठेवून गेला का तो?"

पण घरच्या दारात पाणी. विहिरीवर जायचं सुटलं.

मग डाळ शिजेना. तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा दाताखाली यायचा. आधी अर्थातच माझ्यावर आलं. "शिरगावात डाळ दातांनी फोडतात काय गो?" सासूबाई म्हणायच्या. साबण लावला तर फेस नाही, केस धुतले तर गोणपाटासारखे. चहाच्या भांड्यात, हंड्यात, तपेल्यात पांढरा थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघायचा. आणि सकाळी पहिला हापसा मारला की उकडलेल्या अंड्याचा वास. हंड्यात पाणी थोडा वेळ उभं राहिलं की वास जायचा, म्हणून पिताना कळायचा नाही. पण हापशावर यायचाच.

आजूबाजूच्या बायका पाण्याला यायच्या आणि प्रत्येकीचा संशय वेगळा. एक म्हणे, कारखानेवाल्यांनी खड्डा करून त्यात घाण सोडली. दुसरी म्हणे, सोडली नाय, पुरली. तिसरी काही बोलायची नाही, नुसती पावरवाल्याच्या खोलीच्या दाराकडे बघायची. बोलणारीपेक्षा ती वाईट. पाणी मात्र तिघी भरून न्यायच्या, कारण विहीर त्यांनाही लांबच होती.

अशात माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला आली. तुझी आत्याआजी गं, दांडीला दिलेली. घरात सर्वांत धाकटी, हसरी, दिवसभर तोंड चालू. सातवा लागलेला. सासरी बोटीवरच्या माणसांचं जेवण, मासळी वाळवणं, उन्हात उभं राहणं, म्हणून तिला माहेरी पाय पसरायचे होते. आली ती डाळीसाठीच आसुसलेली. मासळीचा वास तिला नको झाला होता. आणि आमच्याकडे डाळच शिजत नव्हती.

पावरवाला तिच्याकडे बघून मला म्हणाला, "ताई, घरात पोटुशी बाई आहे. पाणी एकदा तपासून घेऊया. माझ्या ओळखीचा एकजण तपासतो." त्याने सरबताची बाटली धुऊन भरून नेली. मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी वाटलं, याला एवढी का काळजी? याला काही माहीत तर नाही? बघ, संशय असा असतो. चांगलं केलं तरी तो शेजारी येऊन बसतो.

काही दिवसांनी तो कामावरून परत आला तेव्हा हापशावर बायकांची रांग. त्याने सायकल भिंतीला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मोठा दिलासा देतोय अशा थाटात म्हणाला, "मावशी, घाबरायचं कारण नाही. पाणी फक्त जड आहे."

हापशाचा दांडा वरच राहिला.

आता तू म्हणशील त्यात काय. त्याच्या सांगलीकडे ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबण फुटत नाही, त्याला बायका जड पाणी म्हणतात. आजी-पणजीपासूनचा शब्द. आमच्या किनाऱ्यावर तसा शब्दच नव्हता. आम्ही म्हणायचो मचूळ, नाहीतर खारं. पाण्याला 'जड' लावलेलं आम्ही फक्त एकाच ठिकाणी ऐकलं होतं, रेडिओच्या बातम्यांत. अणुभट्टीला लागणारं जड पाणी. आणि सांगणारा कोण, तर पावरहाऊसचा माणूस.

ज्या बाईने हंडा भरला होता तिने तो तिथेच ओतला. आणि ती तिसरी, दाराकडे बघणारी, कधी नव्हे ती बोलली, "बघा. त्याच्याच तोंडून आलं."

दुपारच्या आत ही बातमी मासळीच्या टोपल्यांबरोबर दांडीला पोचली. पोचेपर्यंत वाढलीही. पामच्या त्या घरात पावरहाऊसचं जड पाणी फुटलंय आणि आमची पोटुशी सून तेच पितेय.

पावरवाल्याने खूप समजावलं. दोन शब्द सारखे आहेत पण पाणी वेगळं. ते अणूचं जड पाणी कारखान्यात मुद्दाम तयार करावं लागतं. आणि तारापूरच्या भट्टीत तर ते वापरतच नाहीत, तिथे साधंच पाणी चालतं. सासूबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "वापरत नाय, मंग तुला येवढं कसं ठावं?" तो कपाळावर हात मारून आत गेला. त्या दिवसापासून त्याचं कालवण त्याच्या दारात ठेवलं जायचं, हातात दिलं जायचं नाही.

नणंदेचं हसू मात्र त्याच दिवशी बंद झालं. ती पाणीच पिईना. मी विहिरीवरून आणलं तर म्हणे, "वहिनी, देवाशपथ सांग, हे विहिरीचंच ना?" घोट घेऊन थांबायची, पोटावर हात ठेवून. एकदा दुपारी तिने मला आत बोलावलं. चेहरा पांढरा पडलेला. "वहिनी, सकाळपासून हलत नाय गो." मी तिला डाव्या कुशीवर झोपवली, तोंडात गूळ दिला, हात धरून बसले. मला काय येत होतं? काहीच नाही. खूप वेळाने तिच्या पोटावर ठेवलेला माझा हात आतून कोणीतरी ढकलला. आम्ही दोघी रडलो. ती म्हणाली, "आज हललं. पण आत काय झालं असल कोणाला ठावं?"

दुसऱ्या दिवशी तिची सासू आली. आमच्या विहीणबाई. उंच, सडसडीत, नऊवारीचा काष्टा असा घट्ट की वारासुद्धा विचारून आत जाईल. दारातच उभ्या राहिल्या.

"सुनेला न्यायला आलो. आमच्या घरचं पोर हाय ते."

"पयलं बालंतपन माहेरी असते," सासूबाई म्हणाल्या. "की दांडीत रीत बदलली?"

"रीत नाय बदलली. तुमचं पानी बदललं."

"तुमच्या दांडीला तरी कसलं हाय पानी? अर्धा समुद्र."

"खारं हाय, पन आमी वलखतो त्याला."

नणंद दारामागे उभी. तिला जायचं नव्हतं. तिकडे गेली की आठव्या महिन्यात मासळीच्या ओळीत उभी राहणार, हे तिला आणि मलाही ठाऊक होतं. पण इथे राहायचं तर पाण्याचं भय. दोन्हीकडे पोरच पणाला.

विहीणबाई म्हणाल्या, "दाखवा ते पानी. माज्या डोल्यानी बघू दे."

मी हापसा मारला. त्यांनी ओंजळ भरली, नाकाजवळ नेली आणि तशाच थांबल्या. बोटांतून पाणी गळून गेलं. पुन्हा म्हणाल्या, मार. पुन्हा हुंगलं. जिभेचं टोक लावलं. मग आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही त्यांच्या घरातली काही वस्तू लपवून ठेवली होती.

"हे तुमी कुठून आनलं?"

"जमिनीतून," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं कुठून आनतात?"

"खोटं. हे मनोरकडच्या कुंडाचं पानी हाय. माजे गुडघे धा वेला बुडलेत त्याच्यात. हा वास मी झोपेत वलखीन."

मनोरच्या बाजूला नदीकाठी देवीची गरम पाण्याची कुंडं आहेत, तुला नेलं नाही कधी. खरजेला, गुडघ्याला लोक तिथे आंघोळीला जातात. आता संशयाने कूस बदलली. सासूबाईंना वाटलं, विहीणबाई काहीतरी डाव टाकतायत. विहीणबाईंना वाटलं, आम्ही देवीचं पाणी गुपचूप अंगणात वळवलंय. आणि मला वाटलं, कुंड एवढं लांब, मग तेच पाणी इथे कसं? तिघींनी एकमेकींवर विश्वास ठेवायचा नाही, यावर मात्र एकमत. म्हणून तिघींनी मिळूनच जायचं ठरलं.

निघताना नणंदेने मला बाजूला घेतलं. "वहिनी, मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नको. जे असल ते सांग."

सासूबाईंनी पिशवीत तूरडाळ बांधली, एक तपेलं, साबणाची वडी. विहीणबाईंनी विचारलं, "तिथं देवीला डालीचा नैवेद्य?"

"कुंडाचं असल तर डाल शिजनार नाय," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या पान्याची वलख तीच."

एसटीने मनोर, तिथून चालत. कुंडाशी पोचलो तर दगडाच्या फटीतून बुडबुडे वर येत होते आणि तोच वास. हापशावर क्षणभर यायचा तो इथे पदराला चिकटला. कुंडाच्या काठावर, जिथे पाणी सांडून वाळत होतं, तिथे पांढरा थर. मी नखाने खरवडला, पापुद्रा निघाला. सासूबाईंनी तीन दगड मांडून तपेलं चढवलं. कुंडाचं पाणी, आमची डाळ. विहीणबाई काटक्या सारत होत्या. शेजारी एक म्हातारी, वारली समाजातली बाई काकड्या विकायला बसली होती. ती कितीतरी वेळ आमच्याकडे बघत राहिली.

"डाल शिजवाया इथवर आल्यात? घरी चूल नाय?"

"चूल हाय," सासूबाई म्हणाल्या. "बाये, हे पानी कदीपासून असं हाय?"

"कदीपासून म्हंजे? माज्या आजीची आजी इथं नाहायची."

"आन् वास?"

"वासाबिगर कुंड असते काय? आन् या पान्यात डाल शिजत नाय. आमच्या पोरीसोरींना पन ठावं हाय. तुमी मोठ्या बायका." ती हसायला लागली ती थांबेचना, आणि आम्ही तिघी चुलीसमोर घामाघूम, ढवळतोय. शेवटी विहीणबाईंनी दाणा काढला, दातात धरला. कट्ट आवाज आला. सासूबाईंनी साबण घासला. फेस नाही.

तिच्या आजीच्या आजीच्या काळी पावरहाऊस कुठलं आणि कारखाने कुठले. तिथे सगळं जंगल.

परत आलो तर नणंद ओट्यावर वाट बघत. आणि बघ तिची हुशारी, तिने आम्हाला एकेकीला वेगवेगळं आत बोलावलं. आईला एकदा, सासूला एकदा, मला एकदा. काय बघितलं, वास कसला, थर कुठे, म्हातारी काय म्हणाली. तिघींचं जुळलं. तरी तिचा हात पुढेच. मी पदराच्या गाठीतून कुंडावरची डाळ काढून दिली. तिने एक दाणा चावला, मग हापशाच्या पाण्यात शिजत ठेवलेल्या घरच्या पातेल्यातला एक. दोन्ही सारखेच कच्चे. मग ती बसली आणि पुष्कळ दिवसांनी स्वतःहून म्हणाली, "वहिनी, पानी दे गो. विहिरीचं."

आता हे सगळं असं का, ते मला त्या वेळी कुठे कळत होतं. पावरवाल्याने थोडं सांगितलं, आणि पुढे मी बोईसरच्या वाचनालयातून पुस्तकं आणून आणून वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, भूगर्भशास्त्राचं पुस्तक मागितलं की तिथला माणूस दोनदा नाव विचारायचा. आपल्या खालचा काळा खडक अखंड नाही. त्यात चिरा आहेत, खोल, वाटेल तेवढ्या खोल. पावसाचं पाणी त्यांतून उतरत जातं. जितकं खाली, तितका खडक गरम. तिथे ते वर्षानुवर्षं मुरतं, आणि गरम पाणी खडकात मुरलं की नुसतं बसून राहत नाही. आपण मासळीचे काटे उकळतो तेव्हा काट्यांतलं सत्त्व कालवणात येतं ना, तसं ते खडकातला चुना काढतं, मीठ काढतं, गंधकाचा वास घेतं. आणि नुसतं घेत नाही, देतंसुद्धा. स्वतःतलं काही खडकाला देऊन टाकतं. विहिणी-विहिणींसारखी देवाणघेवाण. मग खडकही पहिला राहत नाही, कुठे हिरवा होतो, कुठे मऊ पडतो. पुढे एखादी बरी चीर मिळाली की ते पाणी वर येतं. येता येता निवतं, आणि निवताना हातातलं ओझं टाकत येतं. खडकाच्या पोकळ्यांत ते ओझं बसतं, खडीसाखरेसारखं. आमच्या बोरिंगमधून निघालेले ते पांढरे तुकडे, तो हिरवा लेप, सगळं त्या देवाणघेवाणीचंच. कुंडापाशी एक चीर होती, आमच्या अंगणाखाली पाणाड्याने दुसरी गाठून दिली होती. आणि भांड्यातला थर म्हणजे तेच ओझं, उरलंसुरलं, माझ्या चुलीवर टाकलेलं.

मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या सुपातले बोंबील निवडत होत्या. मग म्हणाल्या, "बरं. जे हाय ते दगडाचं हाय. पन दगडाचं हाय म्हनून दुसऱ्या कोणाचं त्यात नसलच, हे कशावरून?"

मी पुस्तकं पुन्हा चाळली. त्यांत ते नव्हतं. खडकाने दिलेलं काय आणि माणसाने सोडलेलं काय, पाणी दोन्ही घेतं. ते नाही म्हणत नाही. म्हणून घरात तोडगा निघाला. बोरिंगचं पाणी धुण्याभांड्याला, प्यायला आणि डाळीला विहिरीचं. माझी कंबर पुन्हा कामाला लागली. पावरवाला येता-जाता सायकलला हंडा अडकवून एक खेप करायचा. त्याचं कालवण पुन्हा हातात दिलं जाऊ लागलं. सासूबाईंच्या हातून एक तुकडा जास्तच पडायचा.

आणि विहीणबाई? त्या सुनेला न्यायला आल्या होत्या, त्या स्वतःच राहिल्या. नणंद माहेरी राहणार, पण पिण्याच्या हंड्यावर पहारा त्यांच्या घरचा, असं त्यांनी ठरवलं. हंड्याशेजारीच चटई टाकली. मी विहिरीवरून आले की घागरीत नाक घालून हुंगायच्या. सासूबाई म्हणायच्या, "मांजर पन दुधाला येवढं हुंगत नाय." त्या म्हणायच्या, "मांजराला नातवंड नाय होनार." दोघी दिवसभर अशा. नणंद ऐकून हसायची, आणि ती हसायला लागली तशी खायलाही लागली. गावच्या पाण्यात शिजलेली मऊ डाळ, वरून लसणाची फोडणी. सासरची कामं नाहीत, पाय पसरून. पोट हलायचं की ती आम्हाला हाक मारायची, आता मोजायला नाही, दाखवायला.

मुलगी झाली. सुईण बाहेर येऊन सांगायच्या आत आवाज ओट्यापर्यंत आला. विहीणबाई आत गेल्या, तिला दिव्यापाशी नेऊन बोटं बघितली, कानामागे बघितलं, तळवे बघितले, तोंड उघडून जीभ बघितली. बाळंतीण सासूला म्हणाली, "आत्या, बाजारातला पापलेट हाय काय तो?" विहीणबाईंनी सगळं बघून झाल्यावर तिला माझ्या हातात दिली आणि बादली घेऊन हापशावर गेल्या. पहिली आंघोळ बोरिंगच्या पाण्याने, त्यांचा हट्ट. देवीचं हाय, तापवायला पन नको. सासूबाई म्हणाल्या, आंघोळ चालल, पन तोंडात थेंब जाता कामा नये. म्हणून एकीने पाणी ओतलं आणि दुसरीने पोरीच्या ओठांवर तळहात धरला. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते, तो सुकटीचा वास असलेला हात आणि त्याच्या मागे चिडून लाल झालेलं तोंड.

पुढे कारखाने वाढले. नव्वदीनंतर गावातल्या एक-दोन उथळ विहिरींच्या पाण्याला असा रंग आला की ते ओळखायला कुंडावर जायची गरज नव्हती. ते दगडाचं नव्हतं, दगड तो रंग देत नाही. बोरिंग अजून आहे, आता मोटर लागली. मी पावसाळा सरला की त्या पाण्यात मूठभर डाळ टाकते. शिजली नाही तर बरं वाटतं, म्हणजे खालचं खाली जसं होतं तसं आहे. ज्या वर्षी शिजेल त्या वर्षी मला झोप लागायची नाही.

तेवढ्यासाठी तुला हे सांगितलं. ऐकते की कुंडाला आता फरशा बसवल्यात, नळ लावलेत. खरं काय ते माहीत नाही. कोणी म्हणतं वास पहिल्यासारखा येत नाही, कोणी म्हणतं येतो. आत्याआजीला विचारलं तर ती म्हणते, वहिनी, तुझंच नाक म्हातारं झालं. असेलही. म्हणून मला तरुण नाक हवंय. रजा काढ आणि पुन्हा ये, या महिन्यातच ये. तिलाही दांडीहून बोलावते. तिघी जाऊ, तूरडाळ मी बांधून ठेवते.